विसाव्या मीटरवरची जखम

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. ज्याच्या अंगावर माणसं लटकतात त्याला भीती ठाऊक असतेच.

आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वरून घट्ट विणलेलं निळं कवच, लांबी पन्नास मीटर, असा मी कारखान्यातून निघालो. चारकोपच्या शेर्विनने मला घरी आणलं. तो दर मे महिन्यात मुंबईची चार-पाच माणसं हिमालयातल्या बर्फाच्या शिखरांवर घेऊन जातो. वाट दाखवणं त्याचं काम, धरून ठेवणं माझं.

पहिली काही वर्षं माझे भारी लाड झाले. चुकून कुणाचा पाय माझ्यावर पडला की शेर्विन खवळायचा, "पाय काढ! आपला जीव आहे तो!" एकदा देवदत्त नावाचे बँकेतले गृहस्थ बर्फाच्या भेगेत कोसळले. हिसका असा बसला की मला वाटलं, संपलं सगळं. पण मी तग धरला. वर आल्यावर त्यांनी माझा मुका घेतला, तेव्हाही मी थरथरतच होतो.

शेर्विनचा एक नेम होता. निघण्याआधी तो गॅलरीत बसून, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्यावरून बोटं फिरवायचा. कुठे मऊ किंवा पोकळ लागलं तर दोर बाद. एका वर्षी त्याने नेहमीसारखं तपासलं, "झकास!" म्हणाला, मला पिशवीत भरलं आणि पिशवीचं तोंड उघडंच टाकून सामान आणायला मालाडला गेला.

तिथेच माझी वाट लागली. त्याची आई एलेन गॅलरीतल्या लाद्या घासायला आली. हातात टाइल्सचं अॅसिड. बाटली निसटली आणि चार थेंब माझ्या एका वेटोळ्यावर पडले. "अगो बाय! आता हा मला खाणार," ती पुटपुटली. तिने घाईघाईने डाग साबणाने धुतला, ती जागा पंख्याखाली वाळवली, मला होता तसा ठेवला. डाग गेला. मुलगा चिडेल म्हणून ती गप्प राहिली. पण विसाव्या मीटरवर माझे धागे आतून जळले होते, आणि ओरडायला मला तोंड कुठे आहे?

आगगाडी, बस, मग खेचराची पाठ. सगळ्या प्रवासात माझ्या मनात एकच धास्ती होती, या वेळी मी कुणाला तरी सोडणार.

शिखरावर चढायच्या दिवशी उजाडताच शेर्विनने सगळ्यांना माझ्याशी बांधलं. पुढे तो, माझी जादा वेटोळी खांद्यावर घेऊन, त्याच्यामागे बोरिवलीच्या शाळेतली शिक्षिका गंधाली, मागे आणखी दोघे. माझा विसावा मीटर नेमका शेर्विन आणि गंधालीच्या मध्ये आला. समोर भेगांनी भरलेला बर्फ.

"सर, मी दोराला एकदा हात लावून बघू?" गंधाली म्हणाली. ती पहिल्यांदाच बर्फावर आली होती. "खूप भीती वाटतेय."

"अगं, चारकोपला पूर्ण तपासलाय मी."

"तरी पण."

मागचे दोघे हसले. "मॅडम, दोर आहे तो, पोरांचा पेपर नाय!"

शेर्विनने घड्याळ पाहिलं. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. "बघ, पण पटकन."

तिने हातमोजे काढले. बोटं गारठली होती तरी ती एकेक वीत पुढे सरकत होती. दहावा मीटर. पंधरावा. बाई गं, कंटाळू नकोस, मी मनात म्हणत होतो. अठरावा. एकोणिसावा. आणि तिची बोटं थांबली.

"सर, इथे पोकळ लागतंय."

शेर्विन आला. त्याने मला त्या जागी दुमडलं, तर मी कागदासारखा दुमडलो. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. कवच फाटलं आणि आतल्या धाग्यांचा भुगा बर्फावर पडला.

"खाली," तो म्हणाला. "सगळे खाली चला."

शिखर समोर दिसत होतं, पण कुणी हुज्जत घातली नाही.

पिशवी घरी उघडीच राहिली होती हे आठवून, गावात नेटवर्क मिळताच त्याने घरी फोन लावला. "मम्मी, माझ्या दोरावर काय सांडलं होतं?"

पलीकडून एलेन रडत म्हणाली, "अॅसिड रे. चारच थेंब. मी धुतलं ना लगेच. तू ओरडशील म्हणून नाय बोलले."

शेर्विन ओरडला नाही. "एकदा सांगायचं ना गं," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर त्याने मला कापलं. माझा मोठा भाग आता गॅलरीत कपडे वाळवतो. जखमेचा हातभर तुकडा मात्र त्याने जपून ठेवलाय, आणि तुमच्याशी बोलतोय तो तोच. दर मे महिन्यात नवी माणसं निघण्याआधी चारकोपला जमतात, डोळे मिटून माझ्यावरून बोटं फिरवतात आणि खराब दोर हाताला कसा लागतो ते शिकतात. मित्रांनो, ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे अशा वस्तूला तुमच्या हातून काही झालं, तर डाग धुऊ नका. आधी सांगा. आणि भीती वाटली तर लोक हसले तरी हात लावून बघा.

पहिला हात दर वेळी एलेनचा असतो. तिची बोटं माझ्या जखमेवर थांबतात, आणि ती सगळ्यांसमोर सांगते, "हे मी केलं. आणि बोलले नाय."