पाहुण्यांपासून लपवलेली गोळी

पाहुणे यायचे असले की गंगूताई आधी फ्रिज आवरत. म्हणजे भाचीच्या इन्सुलिनची डबी काढून पिठाच्या डब्यामागे दडवत. हिंगोलीच्या उन्हात औषध नासलं तरी चालेल, घराण्याचं नाव नासता कामा नये! या वेळी मात्र ते काम वाचलं होतं.

आईविना वाढलेल्या नीलांबरीला तान्हेपणापासून मधुमेह. अलीकडेच पुण्याच्या डॉक्टरांनी तपासणी करून खरं कारण सांगितलं होतं. स्वादुपिंडातल्या पेशीच्या पडद्याला बारीक दारं असतात. रक्तात साखर वाढली की पोटॅशियमचं दार मिटतं, त्यामुळे कॅल्शियमचं उघडतं, आणि कॅल्शियम आत शिरलं की इन्सुलिन बाहेर पडतं. नीलांबरीचं पहिलं दार जन्मापासून मिटतच नव्हतं. ते मिटवणारी गोळी मिळाली आणि सुया सुटल्या.

त्या दिवशी ती आनंदाने ढसाढसा रडली. वडील दत्तोपंत मात्र म्हणाले, "चला, आता लपवायला सोपं!" पोरीच्या जिवाचा घोर या देवमाणसाला कधी नव्हताच, होता तो सोयरिकीचा.

आज हट्टा गावाहून अपूर्व आईवडिलांसह तिला बघायला येणार होता.

"आज गोळी घेऊ नको," गंगूताईंनी बजावलं. "लग्नानंतर तिकडं न्हाणीत गपचूप घेत जाय."

"आन् चुकली तर, आत्या?"

"देव हाय की बघायला!"

चुकल्यावर काय होतं ते नीलांबरीला ठाऊक होतं. एकदा गोळ्या संपल्या, तर बेशुद्ध होऊन दवाखाना गाठावा लागला होता.

पाहुणे आले, पोहे आले. अपूर्वच्या आईने ऐटीत पर्समधून गोळी काढली. "मला बाई शुगर हाय. खायच्या आधी लागते."

"अगंबाई, लई तकलीफ! नीलू, पाणी आण!" गंगूताई कळवळल्या. विहीणबाईंची शुगर म्हणजे खात्यापित्या घरची खूण, आणि लेकराची शुगर म्हणजे खानदानाला डाग. धन्य ते शहाणपण!

"पोरीला काही आजार-बिजार?" अपूर्वच्या वडिलांनी विचारलं.

"छे! साधं पडसंसुद्धा न्हाई," रोज पहाटे देवळात घंटा बडवणारे दत्तोपंत बिनदिक्कत बोलले.

नीलांबरीने पाण्याचा तांब्या ठेवला, आतून आपल्या गोळ्या आणल्या आणि सगळ्यांसमोर एक गिळली.

"बाबा खोटं बोलून राहिले. मलाबी शुगर हाय, काकू, जन्मापासून. गोळीनं बराबर राहते. पण मी ती चोरून घेणार न्हाई."

अपूर्वने बशीत नजर खुपसली. तोंड उघडलं ते पोह्यांपुरतंच. त्याची आई ताडकन उठली. "असली रोगट पोरगी आमच्या घरात न्हाई चालायची!" असं म्हणून स्वतःच्या गोळ्या पर्समध्ये कोंबत ती बाहेर पडली, मागोमाग बापलेक.

"आत जाऊन गिळता आली नसती? नाक कापलंस!" गंगूताई कडाडल्या.

दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला. "आता लोकाला काय सांगू मी?"

"खरं सांगा, बाबा. पुढच्या पाहुण्यालाबी तेच सांगायचं. तुमाला न्हाई जमलं तर मी दारातच सांगन."

गोळी पोटात गेली होती, आता खाणं भागच होतं. नाहीतर साखर भलतीच उतरली असती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गंगूताई पाहुण्यांना विनवायला रस्त्यापर्यंत धावल्या, दत्तोपंत त्यांच्या मागे. "तू खाल्लंस का?" असं कुणी विचारलं नाही. नीलांबरीने स्वतःच बशी भरून घेतली आणि ती पोटभर जेवली.