एकाच फळीवर

मी बेस गिटार बोलतेय. साधी गिटार नव्हे. लोक इथेच चुकतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. तिला सहा बारीक तारा, मला चार जाड. ती मिरवते, मी खालून गाणं धरून ठेवते. मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. थांबले, की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. असं आयुष्य वाट्याला आल्यावर लाकूडसुद्धा संशयी होतं.

तसा माझा संशय जन्मापासूनचाच. कारखान्यात मला रंग दिला, टांगून ठेवलं, आणि रंग वाळला का ते बघायला रंगाऱ्याने पाठीवर अंगठा टेकवला. रंग वाळला नव्हता. तो ठसा अजून माझ्या पाठीवर आहे. तेव्हापासून अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा हेतू मी आधी तपासून घेते.

माझा पहिला मालक चष्मेवाला. भला माणूस. गिऱ्हाइकांचे चष्मे पुसायच्या मऊ कापडाने माझ्या तारा पुसायचा. तो एका बँडमध्ये होता. हा बँड दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवतो. स्वतःचं एकही गाणं नाही, आणि त्याची खंतही नाही. लग्नं, साठीचे समारंभ, कुणाची निवृत्ती, असं काहीही त्याला चालतं. चष्मेवाला मोजकं वाजवायचा. पण म्हातारपणी तो मुलीकडे राहायला गेला. तिच्या घराच्या भिंती पातळ, म्हणून मला बँडमधल्या ड्रमवाल्याकडे ठेवून गेला.

हा ड्रमवाला गाडी चालवायला शिकवतो. सगळे त्याला क्लच म्हणतात. त्याच्या शिकवणीच्या मागच्या खोलीत बँडची तालीम चालते. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या टायरांमागे, मला उभं केलं. समोर रस्त्यावरच्या खुणांचे पुठ्ठे होते, आणि नेमका 'थांबा' असं लिहिलेला पुठ्ठा माझ्या तोंडासमोर. मी थांबले. किती थांबले ते विचारू नका. तारांवर गंज चढला, मानेत बाक आला. तो अंधार मला पुन्हा नको आहे. पुढचं सगळं ऐकताना तेवढं ध्यानात ठेवा.

बेसवाचून बँडचं अडायला लागलं. "नवा बेसवाला कुठून आणायचा?" क्लचने एकदा तालमीत विचारलं.

"मी घेतो," बँडचा मुख्य गिटारवाला म्हणाला.

इतक्या चटकन म्हणाला, की माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस कारखान्यात लेथच्या खडखडाटात लोखंड कातणारा टर्नर. मिसरूड फुटायच्या आधीपासून गिटार वाजवणारा. साऱ्या टाळ्या त्याच्या वाट्याच्या. असा माणूस आपणहून मागच्या रांगेत कशाला येईल? दुसरा गिटारवाला, जो औषधांच्या दुकानात बसतो, तोही चक्रावला.

"तू? आणि गिटार?"

"ती तू सांभाळ. तारा त्या तारा," टर्नर म्हणाला. ऐकून माझा तिळपापड झाला.

टर्नरने मला घरी नेलं, गंज काढला, मानेचा बाक काढला, नव्या तारा चढवल्या. हात कसबी होता, हे कबूल करते. पण वाजवायला बसला आणि कळलं, की तो माझ्यावर गिटारच वाजवतोय. जरा जागा दिसली की भर सूर, दिसली की भर. एक ना धड भाराभर चिंध्या. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"फ्रीज बिघडल्यासारखं," ती म्हणाली, आणि तो हसला.

मी नजर ठेवायला सुरुवात केली. पाणी कुठेतरी मुरत होतं. पहिली गोष्ट म्हणजे, जुनी गिटार त्याने कुणाला दिली नव्हती. कपाटात नीट गुंडाळून ठेवली होती. बायको बाहेर गेली, की दार लोटून घ्यायचा आणि तिला मांडीवर घ्यायचा. गाणं वाजवायचा नाही. सगळ्यात बारीक तारेवर, अगदी वरचा एकच सूर, पुन्हा पुन्हा. कान तिच्या अंगाला लावून. मग कपाळाला आठ्या घालून तिला परत ठेवायचा. चोरून भेटणाऱ्यांचं असंच असतं, मी मनात म्हटलं. नव्याचे नऊ दिवस सरले, की हा तिच्याकडे जाणार आणि मी टायरांमागे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं लक्षच नसायचं. चहाची किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली, हा शेजारच्या खोलीत बसलेला. बायको भाजी घेऊन दाराबाहेर उभी आणि हा आत पेपर वाचतोय.

"घंटीचं बटण झिजवलं मी," ती आत येत म्हणाली. "कुठे हरवला होतास?"

"इथेच तर होतो."

"इथे तुझी चप्पल होती."

तिलाही संशय आला असावा. कोणता, ते मला तेव्हा कळलं नाही. माझा एकच होता. हा माणूस मनाने त्या सहा तारांपाशी आहे.

पहिला कार्यक्रम एका मुख्याध्यापकांच्या निरोपाचा. आमची गायिका दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं उघडते. तिच्या अंगात आलं, की ती माइक घेऊन खाली लोकांत शिरते. त्या दिवशीही शिरली. पाठ आमच्याकडे. तेव्हा मला जाणवलं, की टर्नरची बोटं अडखळली. तो इतका वेळ तिच्या ओठांकडे बघून वाजवत होता. ओठ दिसेनासे झाले आणि याचं गाणं सुटलं. अंतरा कुठे, हा कुठे. मागून क्लच पाय आपटून ठेका देत होता, पण याने वळून बघितलंही नाही. मुख्याध्यापक नाचत होते, ते थांबून आमच्याकडे बघायला लागले. शाळेतली सवय.

बेसवाल्याने ड्रमवाल्याचा उजवा पाय धरायचा असतो. तो पाय मोठ्या ड्रमवर पडला, की माझा सूर त्याच क्षणी पडायला हवा. चष्मेवाल्याला हे कुणी न शिकवता जमायचं. टर्नरने मात्र जन्मभर गायकाचं तोंड पाहिलेलं. जित्याची खोड, म्हटलं.

पुढच्या तालमीला क्लचने एक लांब, जाड फळी आणली. तिच्या एका टोकावर मोठा ड्रम ठेवला, दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तू इथे उभा राहा," तो टर्नरला म्हणाला.

"का रे?"

"ड्रमखालचा गालिचा सरकतो. तू वजन ठेव."

गालिचा कधीच सरकला नव्हता. मी त्या कोपऱ्यात इतके दिवस काढलेत, मला ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण काय? पण टर्नर फळीवर उभा राहिला. क्लचने पाय मारला. तो ठोका फळीतून याच्या पायात आला, गुडघ्यातून वर चढला आणि पट्ट्यातून माझ्यापर्यंत पोचला. टर्नरने मान उचलली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने कमी सूर वाजवले, आणि सगळे जागच्या जागी पडले.

मी तरीही खूश झाले नाही. एक दिवस तालमीनंतर टर्नर मला खुंटीवर विसरून घरी गेला. औषधवाला मागे रेंगाळला.

"त्याला परत गिटारवर घे," तो क्लचला म्हणाला. "बेस मी बघतो. एवढा चांगला हात उगाच वाया चाललाय."

आलं, म्हटलं. औषधवाला मला चार दिवस वाजवेल आणि कंटाळेल. समोर 'थांबा'चा पुठ्ठा होताच.

क्लच ड्रमवर कापड टाकत होता. "गिटारवर त्याला काय ऐकू येणार?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्याची सगळ्यात बारीक तार सारखी उतरलेली असायची. तूच हळूच चढवून ठेवायचास ना?"

औषधवाल्याने मान डोलावली.

"मागचा हॉर्न कुणाला ऐकू येत नाही, हे मला पहिल्याच वळणावर कळतं. माझा धंदाच आहे तो. बारीक आवाज गेलेत त्याचे. लेथने खाल्ले, थोडे आपण खाल्ले. जाड आवाज अजून पोचतात."

"मग बोल ना त्याच्याशी."

"त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. तोवर फळी आहे."

मी खुंटीवर तशीच लटकून राहिले. कपाटातली ती चोरटी भेट, तो एकच सूर, त्या आठ्या. तो तिच्यावर प्रेम करत नव्हता. आज तरी ऐकू येते का, ते बघत होता. मला वाईट वाटलं. रागही आला, तो का लपवू? म्हणजे मला त्याने निवडलं नव्हतंच. अडला हरी, आणि मी कोण ते तुम्हीच समजा. पण मग असंही वाटलं, की साऱ्या बारीक आवाजांनी त्याची साथ सोडली, तेव्हा उरले ती मी.

मग एकदा एका लग्नात वाजवायचं होतं. हॉलचा व्यवस्थापक इस्त्रीच्या शर्टातला, बोटाने हवेत रेघा ओढणारा.

"ही फळी नको. फोटोत दिसते. शिवाय कुणीतरी अडखळेल," तो म्हणाला, आणि माणसांकरवी ती बाहेर भिंतीशी नेऊन ठेवलीसुद्धा.

"अहो, गालिचा सरकतो आमचा," क्लच म्हणाला.

"चिकटपट्टी देतो."

क्लच वाद घालत राहिला. गालिचा, ड्रम, वजन, काय काय कारणं काढली. खरं कारण त्याच्या ओठावर येईना. टर्नर त्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने मला खुर्चीला टेकवलं आणि खाली उतरून गेला. मला वाटलं, झालं, हा निघाला.

तो परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर फळी होती. ती त्याने जागेवर ठेवली, मला गळ्यात घातलं आणि आपल्या टोकावर उभा राहिला.

"ही नसेल तर मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. ऐकू न येणाऱ्यांचा आवाज असाच चढतो.

गायिका माइकची वायर गुंडाळत होती, ती थांबली. औषधवाल्याने मान खाली घालून तार पिळायला घेतली. व्यवस्थापकाने पुन्हा रेघ ओढली नाही.

"जरा डावीकडे सरक," क्लच म्हणाला. "माझा पाय दिसू दे तुला."

टर्नर सरकला. आणि काय वाजलो आम्ही त्या दिवशी. गायिका थेट नवऱ्यामुलाच्या आत्याच्या टेबलापर्यंत गेली, पाठ फिरवून गायली, तरी आमचा एक सूर ढळला नाही.

आता मी टर्नरच्या घरी खिडकीजवळ असते. वायर न लावता वाजवायचं असलं, की तो हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवतो आणि हाडातून ऐकतो. बायको त्याला हाक मारायला समोर येऊन उभी राहते. कपाटातली ती अजून तिथेच आहे. दार करकरलं, की माझे कान टवकारतात. संशय असा जात नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी एखाद्या समारंभात दुसऱ्यांची गाणी वाजवणारा बँड दिसला, आणि मागे एक माणूस फळीवर उभा राहून ड्रमवाल्याच्या पायाकडे बघताना दिसला, तर गाणं संपल्यावर टाळ्या वाजवू नका. त्या त्याला नीट पोचत नाहीत. पाय आपटा. जोरात, सगळ्यांनी मिळून. त्याला कळेल, आणि त्याच्या गळ्यात असेन, म्हणून मलाही.