पंचेचाळीस नंबरची ओळ

या उन्हाळ्यात मनाली, माझी नात, पुण्याहून महिनाभर चिखलीला येऊन राहिली. ऑफिसचं काम ती लॅपटॉपवर दुपारी चारपर्यंत आटपायची आणि मग दुसरंच एक काम उघडून बसायची. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटरची एक जुनी भाषा आहे. तीत आता फारसं कोणी लिहीत नाही. पण तिचा कंपायलर चालू राहावा म्हणून देशोदेशीची पंधरा-वीस माणसं हौसेने खपतात. त्यांतली एक आमची मनाली. माणसाने लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर, असं तिने मला समजावलं होतं.

दर दोन-तीन आठवड्यांनी ही मंडळी एक यादी काढतात. काय दुरुस्त केलं, काय सुधारलं, सगळं त्यात असतं. मी ओट्यावर तूर निवडत बसे आणि मनाली मला ती यादी, आणि आधीच्या जुन्या याद्याही, मराठीतून वाचून दाखवी. फार लांब नाव दिलं की कंपायलर गोंधळायचा, तो आता गोंधळत नाही. रिकामी फाइल दिली की मुकाट बंद पडायचा, तो आता फाइल रिकामी असल्याचं सांगतो. मला ते ऐकायला फार आवडे. कोणीतरी दूरच्या घरात दाराची कडी सरळ करतंय, गळकी तोटी बदलतंय, असं वाटे. ऊन उतरलेलं असे, आणि ऐकता ऐकता डोळे मिटायला लागत.

एका संध्याकाळी ती म्हणाली, की पुढच्या यादीसाठी एक चूक आली आहे. शून्याच्या खालच्या आकड्याला चारने भागलं, की उत्तर कधीकधी एक घर चुकतं.

माझा हात सुपातच थांबला.

"मधात उडी मारते काय व ते?" मी विचारलं.

मनालीने मान वर केली. "तुले कसं माहीत, आजी?"

मला कसं माहीत ते सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागेल. माझे यजमान, मनालीचे आजोबा, इथल्याच एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. त्यांचं नाव भाऊराव. मी त्यांना नावाने हाक कधी मारली नाही, कागदावर मात्र लिहिते. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं हे त्यांचं काम. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तो त्यांच्याच खोलीत ठेवला, कारण त्या खोलीला कुलूप होतं. शिक्षक त्याच्यावर कापड झाकून ठेवत. भाऊराव शाळा सुटल्यावर ते कापड काढत. सोबत आलेलं, मनालीच्या त्याच जुन्या भाषेचं इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं, सगळं वाचायला दोन हिवाळे लागले. हेडमास्तर भले होते, सहापर्यंत बसू देत.

भाऊरावांनी आकाश करायला घेतलं. चिखलीवरचं आकाश. तारीख आणि वेळ सांगितली, की त्या वेळचे तारे पडद्यावर उमटायचे. एक्केचाळीस तारे होते. आभाळ चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणून दर चार मिनिटांनी प्रत्येक तारा एक घर पश्चिमेकडे जायचा. मधोमध शून्य, पूर्वेला वजा, पश्चिमेला अधिक. मी अंगणवाडीतून पाच वाजता तिकडे जाई. त्यांना कळफलकावरून नजर काढता येत नसे, म्हणून त्यांच्या वहीतली प्रोग्रामची ओळ मी वाचायची आणि त्यांनी ती टाइप करायची. अंगणवाडीत मुलांकडून गाणी पाठ करून घ्यायची मला सवय. त्या ओळीही मला तशाच पाठ झाल्या.

सगळं जमलं, फक्त मधोमध आलं की तारा उडी मारायचा. वजा दोनच्या घरातून एकदम शून्यात. मधलं घर रिकामं राहायचं.

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. बुलढाण्याहून साहेब आले. भाऊरावांनी चित्रा दाखवली, दक्षिणेकडचा तो पांढरा तारा. चित्रा सरकत आली आणि तिने सगळ्यांदेखत उडी मारली. साहेब हसले, मग सगळेच हसले. विज्ञानाचे सर म्हणाले, "मशीन चुकत नाही, भाऊराव. माणूस चुकतो."

त्यानंतर भाऊराव स्टाफरूममध्ये चहा घेऊन गेले की ठरलेला प्रश्न असे, आज तारा कुठं उडाला म्हणून. तेही हसत. पण घरी येऊन वही उघडत. नोकरी संपेपर्यंत, आणि संपल्यावरही, ते ती चूक शोधत राहिले. शाळेने कॉम्प्युटर भंगारात काढला तरी कागदावर शोधत राहिले. आठ वर्षांपूर्वी ते गेले. त्याच्या महिनाभर आधी पडल्या पडल्या मला म्हणाले, "जनका, माह्यंच कुठंतरी चुकलं असन."

हे सगळं मनालीला सांगून झालं तेव्हा अंधारायला आलं होतं. ती म्हणाली, की त्यांची वही मिळाली तर लगेच कळेल. चूक त्यांची होती की कंपायलरची. पण वह्या जुन्या घराच्या भिंतीतल्या कपाटात वाळवीने खाल्ल्या.

"वही कायले पाह्यजे?" मी म्हटलं. "मी सांगतो न. लिही."

चार संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. मी बाजेवर पडून डोळे मिटायचे. ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर होते. मी नंबर म्हटला, की ओळ मागून आपोआप येई. मग ताऱ्यांचे आकडे. स्वाती, मघा, अनुराधा, प्रत्येकीचे दोन. म्हणता म्हणता मी कुठे आहे याचं भान सुटे. स्पिरिटचा वास येई, टाकीचा नळ टपटपे, शेजारी कोणीतरी एका बोटाने कळ दाबतंय असं वाटे. डोळे उघडले, की मनाली दिसे आणि वर खरेच तारे असत.

चौथ्या दिवशी तिने पहिल्यापासून वाचून काढलं आणि थांबली. चाळीस आणि पन्नासच्या मध्ये आणखी एक ओळ असली पाहिजे, म्हणाली. आजोबांनी नंतर घातलेली. ती नसेल तर तू सांगतेस तशी उडी बसतच नाही. मधोमध येण्याआधी ताऱ्याच्या आकड्यातून काहीतरी वजा करायची ओळ.

मला ती येईना. चाळीस म्हटलं, की जीभ सरळ पन्नासवर जाई.

"त्या ओळीत एक आकडा असन," मनाली म्हणाली. "एक आकडा असला तर चूक आजोबाची. दुसरा असला तर कंपायलरची. उडी दोन्हीनं सारखीच दिसते."

"कोनता आकडा पाह्यजे?"

"मी नाही सांगणार, आजी. मी सांगितलं तर तू हो म्हणशीन."

खरं होतं. मी हो म्हटलंच असतं.

तीन दिवस मी ती ओळ शोधली. भाकरी थापताना चाळीस म्हणायची आणि थांबायची. विमलबाई शेजारून ताक घेऊन आली. मी आकडे पुटपुटताना पाहून म्हणाली, की नातीनं आजीला शाळेत घातलं वाटतं. मनालीची परत जायची तारीख जवळ येत होती. संध्याकाळी यादी वाचणंही तिने बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मला डोळा लागला. झोप अशी नव्हे, कूलरच्या आवाजात नुसतं वाहत जाणं. मी प्रयोगशाळेत होते. शाळेतल्या पोरींनी दिलेली बोरं माझ्या तोंडात होती. मांडीवर वही होती, आणि ती वही मी वळवली. आडवी धरली. समासात उभ्याने, लाल पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती. जागा नव्हती म्हणून तिथे कोंबलेली. पंचेचाळीस. भाऊरावांनी मागे न पाहता विचारलं, "शून्याहून कमी असन तर किती वजा?" माझ्या तोंडात बोर, बोलता येईना, म्हणून मी हात त्यांच्या डोळ्यांपुढे नेऊन बोटं दाखवली. ते म्हणाले, "दोन."

जाग आली तेव्हा डावा हात वही वळवल्यासारखा पालथा झाला होता, आणि उजव्या हाताची दोन बोटं उभी होती.

मी तशीच मनालीच्या खोलीत गेले. बोटं खाली केली नाहीत, खाली केली तर विसरेन असं वाटलं. ती फोनवर होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

"पंचेचाळीस नंबर," मी म्हटलं. "दोन."

तिने लॅपटॉप पुढे ओढला. ओळ लिहिली. आधी जुन्या कंपायलरमधून आकाश काढलं. काळ्या पडद्यावर एक्केचाळीस ठिपके आले. चित्रा डावीकडून निघाली, घराघराने सरकत आली आणि मध्यावर तिने उडी मारली. तीच उडी. तीस वर्षांनी पाहिली तरी ओळखू आली.

मग मनालीने दुरुस्त केलेल्या कंपायलरमधून तेच आकाश पुन्हा काढलं. एक अक्षर बदललं नव्हतं. चित्रा निघाली. वजा तीन. वजा दोन. मी सवयीने पापणी मिटली. उघडली तेव्हा ती वजा एकमध्ये होती, रिकाम्या राहणाऱ्या त्या घरात. तिथून शून्य, तिथून पुढे पश्चिमेला.

"आजोबाचं काहीच चुकलं नव्हतं," मनाली म्हणाली. "दोनाऐवजी चार असता तर चुकलं असतं."

मी पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा पाहताना मला त्या उडीची थोडी आठवण आली.

या मंडळींची एक रीत आहे. चूक दुरुस्त केली, की तिच्यासोबत एक लहानशी चाचणी ठेवून द्यायची. पुढे कधी कोणी कंपायलरमध्ये काहीही बदललं, की आधी सगळ्या चाचण्या चालतात, म्हणजे जुनी चूक गुपचूप परत येत नाही. मनालीने आजोबांचं आख्खं आकाश चाचणी म्हणून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती जरा ओशाळून आली. त्यांतल्या एका जुन्या माणसाने लिहिलं होतं, प्रोग्राम सुंदर आहे, पण चाचणी लहान हवी. वजा सहाला चारने भागा, अपूर्णांक सोडून वजा एक आलं पाहिजे, वजा दोन नव्हे. एवढं पुरे.

"म्हणजे तारे?"

"तारे नाही राहत, आजी. फक्त भागाकार."

मी म्हटलं, "काढून टाक. त्याईनंही तेच केलं असतं. दोन ओळीत होत असन तर तिसरी लिहू देत नव्हते."

चाचणीच्या फाइलला नाव लागतं. मी चित्रा सांगितलं. आणि यादीत दुरुस्तीपुढे, चूक पहिल्यांदा कोणाला दिसली त्याचं नाव लिहितात. मनाली बोटं कळांवर ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तिला नाव माहीत होतं. तरी थांबली होती.

"भाऊराव," मी म्हटलं. तोंडाने, मोठ्याने, पहिल्यांदाच. "भाऊराव जानराव इंगळे."

मनाली पुण्याला गेली. यादी आली तेव्हा तिने फोनवर वाचून दाखवली. लांब नावं, रिकाम्या फाइली, आणि अकराव्या नंबरला ती एक ओळ.

आता फोन आला की तब्येतीचं बोलून झाल्यावर मी विचारते, "आज चित्रा गेली काय व?"

"गेली, आजी. तीनदा गेली," ती सांगते. कुठल्याशा देशात कोणीतरी सकाळी काहीतरी बारीकसं बदललेलं असतं, म्हणून.

"मधूनच गेली न?"

"मधूनच."