पायरीवर अडलेली बकरी

अंजना बोलायला लागली की वरातीतला नवरदेव घोडा थांबवून ऐकत राही. हातात पेन दिलं की मात्र ती पार मुकी. सहामाहीला 'माझा आवडता प्राणी' या निबंधात तिनं एकच शब्द लिहिला होता: 'बकरी'. पुढचा पूर्णविराम तेवढा ठळक होता.

सातवीच्या वार्षिक परीक्षेतही निबंध कोरा राहिला तर मंगरूळपीरचं हायस्कूल विसर, असं तिच्या बापानं, शेषरावांनी, जाहीर करून टाकलं. शेतात तण काढायला, निंदणाला हात हवेच होते.

तिच्या वर्गाच्या जगदेव गुरुजींना उपाय सापडला तो कापसाच्या वावरात. अंजना वेचणाऱ्या बायांना एस.टी.नं निघालेल्या बकरीची गोष्ट सांगत होती आणि बाया वेचता वेचता "हुं" देत होत्या. हुं थांबला की गोष्ट थांबे. आणि ज्यानं हुं दिला त्यानं गोष्ट संपेस्तोवर उठायचं नाही, हा तिकडचा कायदा.

दुसऱ्याच दिवशी वर्गात जोड्या लागल्या. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं हुं द्यायचा, मग सांगणाऱ्यानं तेच कागदावर उतरवायचं. नुसती धमाल उडाली. कुणाची म्हैस सरपंच झाली. कुणाच्या कोंबड्यानं तहसीलदाराला बदलीवर पाठवलं. पोरांनी गोष्टींबरोबर सगळे हुंसुद्धा लिहून काढले. गुरुजी रागावले नाहीत. हुं खोडा आणि तिथं पूर्णविराम द्या, म्हणाले. वाक्यं आपोआप सरळ झाली.

परीक्षेत विषय आला 'मी केलेला प्रवास'. अंजना हरखली. पण एका बाकावर एकच जण. हुं द्यायला कुणी नाही. दोन ओळींत बकरी एस.टी.च्या पायरीवर चढली आणि तिथंच उभी राहिली. अंजना पुटपुटायला लागली.

पर्यवेक्षक दौलतसिंग गुरुजी बाहेरगावचे. पोरांच्या टोपीतली चिठ्ठी त्यांना वासावरून कळे. ते येऊन उभे राहिले.

"कोनाशी बोलून राह्यली वं?"

"कोनी हुंच देत नाही जी, गुरुजी. म्हनून बकरी पायरीवरच अडकली."

दौलतसिंगांनी ओठ घट्ट आवळले. पण लहानपणाची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "हुं."

झालं. आता गोष्ट संपेस्तोवर हलायची सोय नव्हती. ते शेजारच्या रिकाम्या बाकावर टेकले. अंजनाचं पेन सुसाट सुटलं. ओळ संपली की ती मान वर करी आणि ते भिंतीकडे बघत गंभीरपणे हुं देत. चिठ्ठ्या काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती, पण कुणाला सवडच नव्हती. मास्तरांच्या एकेका हुंवर अख्खा वर्ग पूर्णविराम देत होता.

अंजनानं पुरवणी मागितली. त्या शाळेत पुरवणी आजवर कुणी मागितलीच नव्हती. ती कुठं ठेवलीय ते शिपायाला आठवेना.

पेपर सुटला. फाट्यावर दौलतसिंगांची एस.टी. हॉर्न वाजवत होती आणि ते शाळेच्या ओट्यावर बसून अंजनाचा निबंध वाचत होते. इतके हुं देऊन गोष्ट त्यांना कळलीच नव्हती. अंजना बाजूलाच उभी होती. तेवढ्यात शेषराव आले.

"कोराच ठेवला असन नं पोरीनं?"

"गप बसा जी. कंडक्टर तिकीट मागून राह्यला."

"कोनाले?"

"बकरीले."

शेषरावांनी जोडे काढले. मग ते दौलतसिंगांच्या शेजारी बसले.

"अंजने, हायस्कुलात नाव कधी टाका लागते, ते जगदेव गुरुजीले इचारून ये," ते म्हणाले. "अन् तुमी, गुरुजी, जरा मोठ्यानं वाचा."