नुसतं कम्युनियन नको

त्या रविवारी टिफनीचे पाय जमिनीवर नव्हते. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं, आणि तेही एकदासुद्धा न अडखळता! चर्चबाहेर पडते न पडते तोच युजीन अंकलनी तिला गाठलं. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत येशूचं शरीर म्हणून देतात ती पवित्र भाकर, नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे असतं.

"मार्गारेटबाईंकडे येतेस माझ्याबरोबर? खुब्याचं हाड मोडल्यापासून बाई घरीच आहेत. तीन रविवार मी जातो, आणि तीनही रविवार कम्युनियन न घेता त्यांनी मला परत पाठवलं."

टिफनी चाट पडली. शाळेतून निवृत्त झालेल्या मार्गारेटबाईंनी आजवर कधी रोजची मिस्सासुद्धा चुकवली नव्हती. "पण का?"

"म्हणतात, औषधाची गोळी दिल्यासारखं देतोस. आधी शुभवर्तमान वाच, त्यावर दोन शब्द बोल, मग दे. आता मला कुठलं बोलता येतंय! तू चल."

अशा कामाला टिफनी नाही कशाला म्हणेल? स्कूटरवर मात्र तिची पंचाईत झाली. अंकलच्या खिशातल्या डबीत कम्युनियन होतं, आणि ते सोबत असताना गप्पा मारायच्या नसतात. 'माझं वाचन कसं झालं?' हा प्रश्न तिनं केळीच्या वाड्या संपेपर्यंत ओठांत धरून ठेवला.

बाई ओटीवरच्या खाटेवर टेकून बसल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर पांढरं कापड, क्रूस आणि पेटलेली मेणबत्ती होती. नको म्हणणारं माणूस एवढी तयारी कशाला करेल, टिफनीच्या मनात आलं.

"आलास, युजीन? चौथीतही पाढे असेच धावत म्हणायचास. आणि ही कोण?"

"टिफनी. इनेझची मुलगी. वाचायला आणलंय."

टिफनीनं घसा खाकरला आणि आवाज चढवत, मध्येच हात उंचावत त्या दिवशीच्या शुभवर्तमानातली, मरणातून उठलेला येशू एम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटतो ती गोष्ट वाचली.

"माझ्याकडे वक्तृत्वाचा कप नाही गं द्यायला," बाई म्हणाल्या. "आता सांग, फादर यावर काय बोलले?"

 प्रवचन चालू असताना टिफनी तिसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीचा, ॲनिशाचा, वर केलेला अंगठा बघत बसली होती.

"ते म्हणाले... सगळ्यांवर प्रेम करा."

"ते दर रविवारी म्हणतात. आज काय म्हणाले?"

युजीन अंकल फरशी न्याहाळू लागले.

"बाई, मी ऐकलंच नाही," टिफनी हळूच म्हणाली. "मी माझ्याच वाचनाचा विचार करत होते."

"मग ने रे डबी, युजीन."

अंकल उठलेसुद्धा.

"थांबा ना! बाई, मी परत वाचते."

या वेळी तिनं स्वतःला कळावं म्हणून वाचलं. अर्ध्यावरच ती थांबली.

"बाई, एक विचारू? येशू वाटभर त्यांना शास्त्र समजावत होता, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडली तेव्हा ओळखलं. मग ते बोलणं फुकटच गेलं ना?"

"तूच सांग."

टिफनीनं पुन्हा पानात बोट घातलं. "नाही... ऐकताना त्यांच्या काळजात काहीतरी पेटलं, म्हणून तर ते 'आमच्याकडे राहा' म्हणाले. नाहीतर अनोळखी माणसाला घरात कोण घेतं? आणि घेतलंच नसतं, तर 'काय छान बोलला' म्हणून दोघं झोपून गेले असते. मग भाकर कोणी मोडली असती?"

बाईंनी स्टुलावरची मेणबत्ती जवळ ओढली. वाडीत कुठेतरी पंप चालू होता.

"आणि मी येशूलाच तीन रविवार दारातून परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "उघड रे डबी."

त्यांनी हात पुढे केले.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

बाईंनी डोळे मिटले. गाल ओले झाले, ते त्यांनी पुसले नाहीत.

मग डोळे उघडून म्हणाल्या, "युजीन, पुढच्या रविवारी तू वाचायचं, आणि काय कळलं तेही तूच सांगायचं."

"मी, बाई?"

"हो, तूच. सावकाश सांग. मी कुठे जात नाहीये."