अणुबाँबच्या तळघरातले घड

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, सरकारनं एक तळघर बांधलं होतं. अणुबाँब पडला तर चाळीस साहेबांनी तिथं महिनाभर जगायचं होतं. ते इतकं गुप्त होतं की एस.टी.चा कंडक्टर "बाँबघरवाले, उतरा" हे हळू आवाजात म्हणायचा.

चौकीदार गिरधर तिथं सात वर्षं रोजंदारीवर. पाचोऱ्याला त्याचं लग्न जमत आलं होतं, पण मुलीचे वडील तोताराम नाना म्हणाले होते, "आधी कायम झाल्याचा कागद दाखवा. मग हळद."

आणि नेमके तपासणीला मोठे साहेब आले. खाली गावातल्या केळीवाल्या झुंबरअक्काचे बावीस घड पिकत पडले होते.

तो तरी काय करणार? "गिरधर, परवा शिवरात शे," अक्का म्हणाली होती, "बठ्ठा घड पिवळा व्हवाले जोयजेत." गावात केळीच्या वखारी होत्या, पण पोलादी दाराची एकही नव्हती. कोपऱ्यात गोवरी धुमसत ठेवायची, दार लावून फटी शेणमातीनं लिंपायच्या, की तिसऱ्या दिवशी माल तयार. घड त्यानं साहेबांच्या पलंगांवर नीट निजवले होते, एका पलंगाला एक.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे?"

"केळी, साहेब."

"ते दिसतंय. तुला आजच काढून टाकतो. पण आधी सांग, तळघर हवाबंद आहे का? तपासायचं यंत्र तीन वर्षांपासून मंजुरीत आहे."

गिरधरनं पलंगांवरच्या हुद्द्यांच्या पाट्या वाचत नजर फिरवली. नोकरी तर गेलीच होती, आता खरं सांगायला हरकत नव्हती.

"तसं हवाबंद आहे, साहेब. बघा ना, उपसचिव पिकले. अभियंते पिकले. लेखाधिकारी तर जरा जास्तच. फक्त त्या कोपऱ्यातले सहसचिव हिरवेगार राहिलेत. म्हणजे तिथं धूर टिकत नाही. भिंतीला फट आहे."

साहेबांनी कोपऱ्यातली पाटी पुन्हा वाचली. सहसचिव तेच होते.

गिरधरनं घमेलं आणलं, शेणमाती कालवली आणि पलंगामागची फट लिंपली. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, "इथं थोडं राहिलंय," म्हणत बोटानं जागा दाखवली आणि मग स्वतःच हात घातला.

महिन्याभरात हुकूम निघाला. हवा तपासायला तळघरात कायम कच्ची केळी ठेवावीत आणि गिरधरला कायम करावं. मात्र तळघर गुप्त, म्हणून हुकूमही गुप्त. कागद कुलुपात गेला. गिरधरला तो दुरून दाखवण्यात आला.

"कायम व्हयना का?" कायम झालास का, म्हणून अक्कानं विचारलं.

"ते सांगता येत नही, अक्का."

"म्हणजे व्हयना," अक्का म्हणाली आणि पाचोऱ्याच्या गाडीत बसली. तिनं तोताराम नानांपुढे सहसचिवांच्या पलंगावर पिकलेला एक पिवळाधमक घड ठेवला. नानांनी तो चारही बाजूंनी तपासला. कुठं हिरवा डाग नव्हता.

"कागद बरोबर आहे," नाना म्हणाले आणि हळदीची तारीख काढायला बसले.