इसामूपुढची वाटी

वडिलांकडून आलेल्या घराभोवती ओंको या सदाहरित झुडपांचं कुंपण होतं; त्याला लाल फळं लगडली, की सुएको आजींचं आणि सुनेचं हमखास वाजायचं. यंदाही वाजलं, कारण नातीच्या, छोट्या काएदेच्या मुठीत फळं होती.

"आई, तिला नका ना देऊ. आतल्या बीत विष असतं," मिहो म्हणाली.

"अगं, बी थुंकून टाकायची! वरचा गर नुसता मध. अख्खं होक्काइदो यावर वाढलंय, आम्हाला कुठे काय झालं? तुम्हा ओसाकाच्या पोरींना पानसुद्धा चावतं!"

मिहो आपल्या कामाला लागली. आमच्याकडे सासूला उलटून बोलतं कोण?

आजींनी वाटीभर फळं देव्हाऱ्यात इसामूच्या फोटोपुढे ठेवली. इसामू हा त्यांचा धाकटा भाऊ, लहानपणीच तापाने गेलेला. त्याला ही फळं फार आवडायची. दर शरदात आजी वाटी ठेवायच्या आणि शेजारच्या गल्लीत राहणारी त्यांची थोरली बहीण तोमी येऊन ती मुकाट्याने उचलायची. "ताईला मुंग्यांची भारी भीती!" असं म्हणून आजी हसायच्या.

आजही तोमी वाटी उचलत होती, तेवढ्यात ओसरीवरून काएदे ओरडली, "आजी, मी बीपण खाल्ली! कुडुम वाजली!"

तोमीच्या हातून वाटी पडली. "थुंक! आधी थुंक!" म्हणत तिने पोरीच्या तोंडात बोट घालून बीचे तुकडे बाहेर काढले. मिहोने गाडी काढली.

इस्पितळात दाराबाहेर बसून आजी स्वतःलाच समजावत होत्या. "काही होणार नाही. आम्ही सगळे खाऊनच तर..."

"सगळे?" तोमी म्हणाली. "त्यात इसामूला धरलंस का?"

"तो तर तापाने गेला, ताई."

"ताप नव्हता गं. त्यानेही बिया चावल्या होत्या. कुंपण बाबांनी हौसेने लावलेलं. खरं कळलं असतं तर ते खचले असते, म्हणून आई जन्मभर ताप सांगत राहिली. मलाही बोलू दिलं नाही."

"अरे देवा! आणि मी दरवर्षी त्याच्यापुढे तीच फळं ठेवते!"

"म्हणून तर उचलायचे."

सुएको आजी लहान मुलीसारख्या रडल्या. मिहोने त्यांचा हात धरला. "आई, चूक माझीही आहे. तुम्ही रागावलात तरी मी हटायला नको होतं."

काएदे वाचली. इसामूच्या वेळी कोणी तोंडात बोट घालायला नव्हतं.

आता इसामूपुढे उकडलेला भोपळा असतो. कुंपणाशी कोणाचंही पोर दिसलं, की आजी त्याला थांबवून आपल्या भावाची गोष्ट सांगतात. सांगताना दरवेळी त्यांना रडू येतं, तरी सांगतात.

वाचकहो, "आम्हाला कुठे काय झालं?" असं म्हणायला वाचलेलेच मागे उरतात. ज्यांना झालं, ते सांगायला येत नाहीत. घराची लाज किंवा मोठ्यांचा मान राखायला आपण त्यांचं मरण झाकतो, आणि पुढचं पोर त्याच फांदीशी जाऊन उभं राहतं. त्यांच्या वतीने आपण बोललं पाहिजे, सासूसमोरसुद्धा!